‘आलोच’ म्हणणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण आवाज मला मालकांनी दिला. त्यांच्या मक्यावर हरणांचे कळप तुटून पडायचे. मालकांनी मला बांबूवर बांधले, बटण दाबले आणि घसा ताणून ओरडले, “हाऽऽड! निघा! काठी घेऊन येतोय बघा!” बटण सोडायच्या आधीच त्यांनी घराकडे वळून हाक मारली, “अगं, चहा टाक, आलोच!” तेही माझ्या पोटात गेले. हसून हसून घरच्यांची मुरकुंडी वळली. मालक म्हणाले, “राहू दे. हरणांना काय कळतंय!”

मित्रांनो, हरणांना सगळे कळते.

मी अर्ध्या अर्ध्या तासाने ओरडायचो आणि मालक खरेच मागून काठी आपटत यायचे. हरणे धूम ठोकायची, कौतुक मात्र माझे व्हायचे. मीही फुशारून गेलो होतो. मग तापाचे निमित्त होऊन मालक गेले. मी ओरडतच राहिलो. सुरुवातीला मालकीणबाई माझे “आलोच” ऐकून खरोखर आधण ठेवायच्या आणि भानावर आल्या की गॅस बंद करायच्या.

हरणांनी आठवडाभर वाट पाहिली. मग एका संध्याकाळी एक हरिणी “आलोच” संपेपर्यंत कान टवकारून थांबली आणि तिने शांतपणे कणसाला तोंड लावले. पुढे तर मी बोलू लागलो की अख्खा कळप बांध ओलांडून यायचा. माझ्याखाली उभा राहून शेवटचा शब्द ऐकायचा आणि मगच खायला लागायचा. मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली.

अर्धा मका गेला, तेव्हा लेक म्हणाली, “आई, बाबांचा आवाज पुसून दुसरा भरू या. नाहीतर घरात दाणा यायचा नाही.”

माझ्यात एकच आवाज मावतो. मालकीणबाईंनी शिडी लावली, बटणावर बोट ठेवले. मग ते उचलले.

“नको गं,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं बोलणं खोटं पडतंय, म्हणून ती येतात. मी जात जाईन.”

तेव्हापासून माझे “आलोच” संपले की त्या काठी आपटत येतात. कळप उधळतो. उरलेला मका वाचला.

म्हणून विनवतो, मित्रांनो, माझ्यासारख्याचा गंज पुसा, तारा तपासा, पण त्याला एकट्याला ओरडत सोडू नका. मागून कुणीतरी या.

उंचावरून मला आणखी एक दिसते. पळण्याआधी हरणे मालकीणबाईंकडे बघत नाहीत, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतात. पायवाट एका माणसापुरतीच आहे. तरी मालकीणबाई कधी मधून चालत नाहीत, कडेकडेने चालतात.