सासूबाईंचा आकडा

सासूबाई दुपारी बाथरूममध्ये घसरल्या. तातडीच्या विभागात पोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलं होतं. खुबा मोडलाय हे मलाही कळत होतं. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

शेवटच्या आजारात बायकोलाही मी इथेच आणायचो. ती कॉटची कड घट्ट धरून पडायची. ती गेल्यावर मी ठरवलं, आमच्या घरातल्या माणसाला इथे पुन्हा असं कळ सोसत पडू द्यायचं नाही. म्हणून मी आल्या आल्या सिस्टरला बजावलं, आधी दुखणं कमी करा, मग एक्स-रेला न्या.

सिस्टरने सासूबाईंना विचारलं, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर तुमचं किती?

सासूबाईंनी चादर सारखी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "दोन."

मी म्हणालो, या खोटं बोलतायत. त्यावर सासूबाई सिस्टरला म्हणाल्या की जावईबापूंना घाईच फार, चहासुद्धा धड उकळू देत नाहीत.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या लगेच आल्या. जांघेत एक इंजेक्शन दिलं की पाय बधिर होईल, मग हलवताना त्रास होणार नाही, असं त्यांनी समजावलं. सासूबाई नको म्हणाल्या. दोनासाठी सुई कशाला? पेशंटच नको म्हणतोय तर जबरदस्ती करता येत नाही, असं डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

मी वाद घालणार तेवढ्यात वॉर्डबॉयने ट्रॉलीचा ब्रेक काढला. जरासा हिसका बसला. सासूबाईंच्या ओठांवरचा रंग उडाला, पण तोंडातून हूं की चूं नाही. डोळे माझ्यावरच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न झाल्यापासून ही बाई माझ्यासमोर कधी मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती. जावयापुढे कण्हणार कशी?

बायकोजवळून मी कधी हललो नव्हतो. आत्ताही पाय निघेना. तरी ट्रॉली थांबवायला लावली आणि डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणालो, "मी बाहेर जातो. पुन्हा विचारा."

सासूबाई म्हणाल्या, बसा की, कुठे निघालात? मी पडदा ओढून बाहेर उभा राहिलो.

आत सिस्टरने पुन्हा आकडा विचारला. मग आतून असा आवाज आला की माझा हात पडद्याकडे गेला. आत जायचं नाही, असं मी स्वतःला दटावलं.

"आई गं... दहा. दहाच लिहा. द्या ती सुई. पण त्यांना सांगू नका."

"नाही सांगत," सिस्टर म्हणाली.

औषध लागू पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो. कण्हणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. आत सासूबाई सिस्टरला तिचं माहेर कुठलं ते विचारू लागल्या.

एक्स-रेला नेताना मी ट्रॉलीच्या मागून, त्यांच्या डोक्याकडून चाललो. तिथून मी त्यांना दिसत नव्हतो. कळ आलीच तर ओरडता यावं.