भिंतीचा घाम

आमच्या संस्थेत रागाला जागा नाही, असं पहिल्याच दिवशी सांगतात. मी मान डोलावली आणि राग घरी ठेवून आलो. घर तीन मिनिटांवर आहे.

दर रविवारी आम्ही स्वयंसेवक गल्लीतली मोडकी घरं फुकट दुरुस्त करतो. नियम एकच. ज्याला स्वतःचं घर नीट करून हवं, त्याने आधी दुसऱ्याच्या घरी चार रविवार राबायचं आणि त्या घरच्यांची कागदावर सही आणायची. कोण कुठे जाणार ते मी ठरवतो. यादीत मालकांचं नाव दिसलं आणि मला देवाचं अक्षर ओळखू आलं.

मालक म्हणजे आमचे जुने घरमालक. धंद्यात बुडाले, इमारत विकली गेली, आता तिच्याच वरच्या मजल्यावर गळक्या खोलीत भाड्याने राहतात. ‘मालक’ मात्र चिकटलं ते चिकटलंच. मला शाळेत ‘बुरशी’ चिकटलं, तसं. माझा गणवेश आमच्या भिंतीवरच्या खुंटीला असायचा.

त्या भिंतीबद्दल आईने अकरा वर्षं तक्रार केली. मालक दारातूनच म्हणायचे, “वहिनी, ओल नाही ती. भिंतीला घाम येतो. तुम्ही माणसं श्वास फार घेता.”

आम्ही काही दिवस कमी घेऊन पाहिला. आईला तर दमाच जडला, त्यामुळे तिचा आपोआप कमी झाला.

मला त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, आईसमोर. म्हणून त्यांना आमचीच भिंत दिली. तीन रविवार त्यांनी गिलावा केला, तिन्ही वेळा मी खरवडायला लावला.

“आता काय झालं?”

“पोत उद्धट आहे, मालक.”

चौथ्या रविवारी त्यांचं डोकं फिरलं. छिन्नी-हातोडा घेतला, आमचं कपाट सरकवलं आणि गुडघ्याच्या उंचीवर घाव घातला. टकटक करून बघणं नाही, काही नाही. दोन घावांत सडका पाइप बाहेर आला, वर चिंधी गुंडाळलेला.

“नेमकं इथेच फोडायचं, हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

मालकांनी छिन्नी खाली ठेवली. आईने गॅस बंद केला.

“म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला.”

“वहिनी, तेव्हा सगळी भिंत काढावी लागली असती...”

“घाम होता का?”

“ओल होती.”

“मोठ्याने बोला. दम्यामुळे कमी ऐकू येतं मला.”

दम्याचा कानाशी काही संबंध नाही. तरी ते ओरडले, “ओल होती!”

“काय झालं हो?” शेजारून कुणीतरी घाबरून विचारलं.

“काही नाही, ओल होती,” आईने कळवलं आणि सही केली. मग माझ्याकडे वळली. “झालं समाधान?”

“झालं,” मी म्हणालो. आईशी मी गरजेपुरतंच खोटं बोलतो.

पाइप बदलून भिंत सुकल्यावरच्या रविवारी शिडी घेऊन मालकांकडे गेलो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी छतातून थेट त्यांच्या उशीवर ठिबकत होतं. मी बराच वेळ वर बघत राहिलो.

“गळतंय बघ कसं,” ते म्हणाले.

“गळत नाही, मालक. छताला रडू येतं. तुम्ही खाली फार झोपता.”

शिडी उचलून मी जिना उतरलो. आई कोरड्या भिंतीला पाठ टेकून बसली होती.

“एवढ्यात झालं छत?”

“अकरा वर्षांनी करू म्हणतो.”

आईने नीट विचार केला.

“अकरा दिवस,” ती म्हणाली. “वर्षं त्यांच्या वयाला झेपायची नाहीत.”