लाल गाडीचा सौदा

वाटाघाटी कशा कराव्यात हे शिकवून पोट भरणारा एक माणूस होता. मोठमोठ्या कंपन्या त्याला बोलवायच्या, खरेदी-विक्री खात्यातली माणसं दिवसभर त्याच्यासमोर वह्या उघडून बसायची आणि तो त्यांना समोरच्याकडून दोन पैसे जास्त कसे काढायचे हे सांगायचा. घरी आणि मित्रमंडळींत त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. हे त्याला फारसं आवडत नसे, पण ते नाव काही त्याला वाटाघाटींनी बदलून घेता आलं नव्हतं.

मास्तरची बायको भूलतज्ज्ञ होती. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला भूल द्यायची, तो झोपेत असेपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं आणि मग त्याला हळूच जागं करायचं, हे तिचं काम. दोघं कॉलेजपासूनची, त्यामुळे घरात सगळा मामला ‘अरे-तुरे’चा.

मास्तरची गाडी जुनी होती, एका दाराला पोचा आलेला. कुठल्याही कंपनीत शिकवायला गेला की तो ती दोन गल्ल्या अलीकडे उभी करायचा आणि उरलेलं अंतर घाम पुसत चालायचा. सौदे करायला शिकवणारा माणूस असल्या डबड्यातून उतरला तर त्याचं कोण ऐकणार? अशात एक दिवस त्याला जाहिरात दिसली. लांब नाकाची, जमिनीला चिकटलेली लाल स्पोर्ट्‌स कार, आणि खाली ठळक अक्षरांत महिन्याचा हप्ता. हप्ता इतका बेताचा होता की मास्तरला आधी वाटलं, छपाईत चूक झाली असेल.

“लीजवर मिळते,” त्याने बायकोला सांगितलं. “तीन वर्षं वापरायची, महिन्याला हप्ता भरायचा, शेवटी परत द्यायची.”

“म्हणजे भाड्याने.”

“भाड्याने नाही गं. लीज.”

“आणि परत देताना खिळ्यांची भोकं मोजणार, घरमालकासारखी?”

“त्याचं मी बघतो. तू फक्त बरोबर चल. आणि तिथे बोलू नकोस.”

शोरूममध्ये पाऊल टाकलं तर नव्या चामड्याचा आणि कुठल्याशा महागड्या अत्तराचा वास. फरशी एवढी चकचकीत की मास्तरला आपल्या बुटांची लाज वाटली. मधोमध एका गोल चौथऱ्यावर ती लाल गाडी संथपणे फिरत होती, लग्नाला उभी केल्यासारखी. मास्तरने चेहरा कोरा ठेवला. हवी असलेली वस्तू नकोशी असल्यासारखी बघायची, हा त्याच्याच पहिल्या तासाचा धडा होता. तो मुद्दाम कोपऱ्यातल्या करड्या गाडीपाशी जाऊन तिची टायरं न्याहाळू लागला.

तेवढ्यात टकटक बूट वाजवत एक बाई आली. विक्री अधिकारी, पस्तिशीची, कडक इस्त्रीचा कोट.

“सर, ओळखलंत? दोन वर्षांपूर्वी तुमच्या शिबिरात होते मी. दुसऱ्या रांगेत, खिडकीशी.”

मास्तरला काही आठवेना. तरी तो म्हणाला, “अरे वा! कसं काय?” आणि पुन्हा करड्या गाडीच्या टायरांकडे वळला. त्याने त्या शिबिरात हातचं काही राखून ठेवलं नव्हतं.

“ती करडी दाखवू का, सर?” बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

“नको. म्हणजे... ती लाल जरा बघू. सहज.”

“तो रंग लाल नाही, सर. ज्वालामुखी.”

“लालच आहे हो,” बायको म्हणाली. मास्तरने तिच्याकडे डोळे वटारले.

तिघं काचेच्या टेबलाशी बसली. कॉफी आली. बाईंनी एक कागद पुढे सरकवला. हप्ता जाहिरातीतलाच होता, पण त्याच्या वर सुरुवातीला एकरकमी भरायची एक दणदणीत रक्कम होती आणि खाली वर्षाला किती किलोमीटर चालवता येईल याची मर्यादा. त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरला दंड. गाडी परत देताना ओरखडा, पोचा, झिजलेलं टायर, सगळ्याची भरपाई वेगळी.

मास्तरने कागद वाचला, खाली ठेवला आणि गप्प बसला. मौन पाळा, समोरचा घाबरतो आणि काहीतरी सोडून देतो, असं तो नेहमी सांगायचा.

बाईही गप्प बसल्या.

चौथऱ्यावरची गाडी एक अख्खा फेरा फिरून पुन्हा समोर आली. मास्तर छताकडे बघत होता. बाई आपल्या नखांकडे बघत होत्या. बायकोने साखरेची पुडी फोडली तेव्हा त्या आवाजाने दोघंही दचकले.

“कुणी वारलंय का?” तिने विचारलं.

शेवटी मास्तरच बोलला. “हप्ता जड आहे.”

“तुमच्या मनात किती आहे, सर?”

“तुम्ही सांगा.”

“नाही, तुम्ही सांगा.”

“आधी तुम्ही.”

आकडा आधी बोलतो तो हरतो, हे दोघांनाही पाठ होतं. हे ‘आधी तुम्ही’ एवढं रंगलं की दारात उभी राहून एकमेकांना वाट देणारी दोन सभ्य माणसं असावीत तसं वाटायला लागलं. अखेर मास्तरने दुसरं हत्यार काढलं. “मला घरी विचारावं लागेल. अंतिम निर्णय माझ्या हातात नसतो.”

“मॅडम इथेच आहेत की,” बाई म्हणाल्या.

मास्तरने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती आत्ताच उगवली होती.

“मलाही वर विचारावं लागेल,” बाई उठल्या आणि मागच्या अंधाऱ्या काचेच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने गंभीर चेहऱ्याने परत आल्या. साहेब खूप चिडले, पण मास्तरांसाठी म्हणून हप्ता कमी करायला तयार झाले, असं त्यांनी सांगितलं. मास्तरने आणखी ताणलं. बाई पुन्हा आत गेल्या. असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी हप्ता थोडा उतरला आणि मास्तरचे गाल थोडे लाल झाले.

बायकोने नवा कागद ओढून घेतला. “अरे, हप्ता उतरलाय, पण सुरुवातीची रक्कम चढलीय. आणि किलोमीटर निम्मे झालेत. एवढ्यात तर तू फक्त फाटकापर्यंत जाऊन परत येशील.”

टेबलाखाली मास्तरने तिच्या पायावर पाय दिला. हप्ता त्याने उतरवला होता, आणि उतरलेल्या हप्त्याची नशा काही औरच असते. पण बायकोचं वाक्य बाईंसमोर सुटायचं ते सुटलंच होतं. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. मग त्याने आपला हुकमी एक्का काढला. तो उठला.

“जमणार नाही. येतो आम्ही.”

आणि तो चालायला लागला. समोरच्याला मागून धावत येऊन गाठता येईल अशा बेताने, सावकाश. दारापाशी त्याने बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती. पायऱ्यांवर फोन काढून पाहिला. कुणीच आलं नाही. फाटकाशी पोचल्यावर पहारेकऱ्याने विचारलं, “काय राहिलं का साहेब आत?” तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की बायको आतच राहिलीय आणि जुन्या गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. उन्हात तापलेल्या त्या पोचा आलेल्या दाराशी तो हाताची घडी घालून उभा राहिला.

आत बायको कॉफी संपवत होती.

“त्या काचेच्या खोलीत कोण बसतं?” तिने विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “कुणीच नाही, मॅडम. मी आत जाऊन पाणी पिते. सरांनीच शिकवलं होतं.”

बायको इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. बाईही हसल्या आणि त्यांचा कडक कोट एकदम सैल वाटायला लागला.

“बरं, आता सरळ बोलू. हा सौदा फायद्याचा आहे का?”

“कंपनीच्या, हो. तुमच्या नाही. एवढे पैसे भरून शेवटी हातात काही राहत नाही.”

“तेच म्हटलं. पण मला ती गाडी फार आवडलीय.” तिने चौथऱ्याकडे पाहिलं. “दिवसभर मी लोकांना झोपवते. माझ्यासमोर कुणी जागं असं नसतंच. नवऱ्याला वाटतंय गाडी त्याला हवीय. मगाशी ती फिरून समोर आली ना, तेव्हा माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती.”

“घेताय, मॅडम?”

“तुमचं या महिन्याचं उद्दिष्ट पुरं व्हायला किती गाड्या राहिल्यात?”

बाई हळूच म्हणाल्या, “एक.”

“मग ती एक मी. हप्ता पहिल्या कागदावर होता तोच राहू दे, त्यात मी एक दमडी कमी करून मागत नाही. पण सुरुवातीची रक्कम निम्मी करा. किलोमीटर पहिल्यासारखे. आणि किरकोळ ओरखड्यांचे पैसे घेणार नाही, हे करारात लिहून द्या. जमतंय का नाही, लगेच सांगा. मला दुपारी ऑपरेशन आहे.”

बाईंनी खऱ्या साहेबांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी जेवत होते. महिनाअखेर होती, जेवणही चांगलं असावं. ते हो म्हणाले.

मास्तर परत आला तेव्हा चौथरा थांबला होता आणि त्याची बायको लाल गाडीत बसून आरसा आपल्या उंचीला लावून घेत होती.

“हे काय?”

“घेतली.”

“कुणाच्या नावावर?”

“माझ्या. तू तर निघून गेलास.”

“अगं, ती पद्धत असते! मी परत येणारच होतो!”

“मला कुठे माहीत? तूच म्हणालास, जमणार नाही.”

मास्तरने करार दोनदा वाचला. चूक काढायला जागा नव्हती, आणि हप्ता त्याने उतरवला होता त्याहून जास्त असल्याचं दुःखही धड करता येईना. घरी जाताना तो जुन्या गाडीत एकटाच होता. पुढे लाल गाडी होती. पहिल्याच सिग्नलला ती निसटली ती थेट घराच्या दारातच दिसली.

पुढच्या शिबिरात त्याने हा किस्सा सांगितला, जरा बेतून. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, एकाने उठून जायचं आणि दुसऱ्याने गोड बोलून सौदा उरकायचा, असं तो म्हणाला. माणसांनी भराभर लिहून घेतलं. मागून एकाने विचारलं, “सर, मग गाडी चालवतं कोण?” मास्तरने घड्याळाकडे पाहून चहाची सुट्टी जाहीर केली.

बरेच दिवस तो शेजारच्या सीटवर बसून हिंडला. गुडघे छातीला लावून, ती वेग घेईल तशी दाराची मूठ घट्ट धरून. गाडीत त्याला काही रस नाही, असं तो दाखवायचा. दुरुस्तीचा खर्च, पेट्रोलचा खर्च, कमरेचं दुखणं, यांबद्दल आडून आडून बोलून पाहायचा. बायको “हं” म्हणायची आणि गिअर बदलायची.

एका रविवारी सकाळी ती किल्ली घेऊन निघाली, तर हा दारात आडवा उभा.

“मला चालवायचीय,” तो म्हणाला. “खूप चालवायचीय गं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?” तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. “करारात दुसरा चालक म्हणून तुझं नाव मी दुसऱ्याच दिवशी घातलंय. थोडे पैसे पडले जास्तीचे.”

किती पडले, हे त्याने विचारलं नाही. रस्त्यावर तोबा गर्दी होती. दुसऱ्या गिअरच्या वर काही जाता येईना. एक दूधवाला सायकलवरून त्यांना मागे टाकून, वळून हसून पुढे गेला. मास्तर दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून सरळ समोर बघत होता, आणि त्याला आपला चेहरा कोरा ठेवता येत नव्हता.