तीन पेडलांची गिटार

पडदे शिवायच्या कारखान्यात वहिनीचा सगळा दिवस मशीनवर जायचा. उजवा पाय मोटारीच्या पायट्यावर, उजवा गुडघा दांड्यावर. गुडघ्यानं दांडा बाजूला ढकलला की कापड दाबणारी पट्टी उचलली जाई आणि पडदा वळवता येई. सवय अशी अंगात मुरलेली की घरी जेवतानाही गुडघा मधूनच उडायचा आणि नवरा म्हणायचा, "अगं, टेबल हललं!"

कारखान्यातल्या रेडिओवर एकदा एक वाद्य लागलं. कुणी दमून टेकावं, सुस्कारा सोडावा आणि तो खाली जाता जाताच वर वळावा, तसा आवाज. वहिनीनं दिराला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मोबाइलमध्ये काहीही शोधून काढण्यात पटाईत होता.

"पेडल स्टील गिटार," तो म्हणाला. "मांडीवर नाही घ्यायची, टेबलासारखी पायांवर उभी असते. नवी आपल्या आवाक्यातली नाही. जुनी बघू."

मग सुट्टी आली की दोघं जुन्या गिटारी बघत हिंडले. एकीला पायच नव्हते. दुसरीच्या पोटातल्या सळ्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. दिरानं खाली वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं करत बाहेर आला. "हिच्यापेक्षा आमची बंद पडलेली लिफ्ट बरी." वहिनी आता नाद सोडायच्या बेतात होती, तेवढ्यात गिटारी विकायला काढलेल्या एका मास्तरांचा पत्ता मिळाला.

मास्तरांनी जन्मभर ऑर्केस्ट्रात हीच गिटार वाजवली होती. काठी टेकत त्यांनी दार उघडलं. कामावरून परस्पर आलेल्या वहिनीच्या केसांत अजून दोऱ्याची तुसं होती.

"मुलासाठी घेताय?"

"नाही. माझ्यासाठीच."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि बसायला स्टूल पुढे केलं.

खोलीत दोन गिटारी होत्या. एक आरशासारखी चकचकीत, तारांचे दोन संच असलेली. दुसरी छोटी, तीन पेडलं, गुडघ्याशी एकच दांडा, कोपऱ्यांचा रंग उडालेला. भाव दोन्हींचा सारखाच.

"वहिनी, मोठीच घ्या," दीर कुजबुजला. "एकाच्या भावात दोन पडतात."

"तार छेडा, पेडल दाबा, सोडा," मास्तर म्हणाले. "सूर परत घरी येतो का, एवढंच ऐका."

वहिनीनं मोठीची तार छेडली, पेडल दाबलं, सोडलं. दोनदा केलं.

"परत येताना किंचित खाली राहतोय," ती चाचरत म्हणाली.

"आपण तरी कामावरून कुठे पुरते परत येतो?" दीर म्हणाला.

मास्तर हसले. "तो दोष आहेच, म्हणून तर स्वस्त. दुरुस्त करणारा सापडायचा नाही."

मग ती छोट्या गिटारीपाशी बसली. तार छेडली मात्र, सवयीनं गुडघा बाजूला उडाला आणि सूर सर्रकन घसरला. तिनं दचकून हात काढला.

"मोडलं का काही?"

"नाही हो. हेच तर वाजवायचं असतं. फक्त इतक्या जोरात नाही, ही काही मोटार नव्हे."

"पूर्ण वाजते कशी, ते ऐकवाल?"

मास्तर जरा घुटमळले. "हात चालतात. पाय साथ देत नाहीत आता."

वहिनीनं उठून मास्तरांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः सरळ गिटारीखाली जमिनीवर बसली. पाठ भरून आली होती, तरी तिनं दोन्ही तळहात पेडलांवर ठेवले. "सांगा."

"पहिलं. सोडा. आता पहिलं-दुसरं मिळून. हळूऽऽ."

ती चुकत होती, मास्तर थांबून पुन्हा सुरू करत होते. मग एकदा सगळं जुळलं आणि तो सुस्कारा तिच्या डोक्यावर, त्या लाकडातून निघाला. तळहातांखाली पेडल थरथरलं. आतल्या खोलीतून मास्तरांची बायको हात पुसत बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. "किती दिवसांनी!" एवढंच ती म्हणाली.

छोटीच घ्यायचं ठरलं. गिटारीची पेटी घरी जिन्यातून वर नेताना दिराला दम लागला. "वहिनी, पुढल्या वेळी बासरीची हौस करा!"

कपाट आणि पलंग यांच्यामध्ये ती कशीबशी मावली. पाय जोडताना एक उलटा लागला आणि गिटार कलली. सगळे काढून पुन्हा लावले. त्यातच संध्याकाळ झाली. वहिनी बसली, तार छेडली, पेडल दाबलं. फाटक उघडल्यासारखं काहीतरी वाजलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तसंच. पोटऱ्या दुखत होत्या, डोळे मिटत होते.

नवरा डोकावला. "झालं का वाजवून?"

"छे," ती म्हणाली. "आत्ता कुठे बसलेय."