साबणाने घासलेली चहादाणी

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे, आणि आमच्या सुनेने माझे जे केले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जर्मनीतल्या आमच्या एम्डेन बंदरातल्या कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा, चहादाणीला कोणी साबण लावते का? नुसत्या पाण्याने विसळायची. आतला तपकिरी थर हीच आमची कमाई. पण आमची सून उर्सुला पडली दक्षिणेकडच्या डोंगरातली, कॉफी पिणारी. तिने मला तारेच्या घासणीने खरवडून पांढरीफटक केली!

उर्सुलाची सासू त्याल्डा, तिच्या लग्नात मी या घरी आले. पोटावर लाल गुलाब, तोटी ऐटदार. तेव्हा धक्क्यावर हेरिंग मासळीच्या बोटींची दाटी असे. त्याल्डा दिवसभर फाटकी जाळी सांधायची. संध्याकाळी शेजारणी जमल्या की कपात खडीसाखर तडतडायची, वर साय तरंगायची. ती साय कोणी ढवळत नसे, आणि तीन कप झाल्याशिवाय कोणी उठत नसे.

तिचा नवरा ओको बोटीवर निघाला, तेव्हाचा चहा माझ्यातलाच. ती बोट परतली नाही. पुढे मासळी गेली, जाळी गेली. आता त्याच धक्क्यावरून नव्या कोऱ्या मोटारी जहाजात चढतात. मी मात्र रोज टेबलावर असे, आणि त्याल्डा मला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे.

मला खरवडले त्या दिवशी त्याल्डाने पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहादाणी कोणी धुतली?"

"मी, आई! आतून किती काळी झाली होती! बघा तरी, कशी चमकतेय."

मुलगा हिन्रिक कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं बाई, काय करून बसलीस! बाबांचा चहा होता त्या थरात."

उर्सुलाचा चेहरा माझ्यासारखाच पांढरा पडला. "आई, मी... मी नवीन आणते."

त्याल्डा झाकण उचलून आत पाहत राहिली. मला वाटले, संपले. आता काचेच्या कपाटात धूळ खात बसायचे. मित्रांनो, जपणे म्हणजे चकचकीत करणे नव्हे. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी, ती जिची आहे तिला एकदा विचारावे. तोंड कशाला दिले आहे?

मग त्याल्डाने मला उचलले आणि उर्सुलाच्या पुढ्यात ठेवले.

"नवीन कशाला? ओकोचा रंग तू धुतलास, आता तुझा चढव. रोजचा चहा तुझ्या हातचा, आणि तीन कप माझ्यासमोर बसून प्यायचे. ही पुन्हा तपकिरी होईपर्यंत या घरात कॉफी बंद!"