गॉगलांची तीन मजली पेटी

मित्रांनो, मला पाहिले की बहुतेक जण आधी विचारतात, "बाजाची पेटी का?" तसे काही नाही. माझ्यातून सूर निघत नाही. मी गॉगल ठेवण्याची एक जुनी सागवानी पेटी आहे. फैजपूरच्या अभिमन मिस्तरींनी मला घडवले, आणि माझे बहुतेक आयुष्य भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत, एका लोखंडी कॉटखाली गेले. आता माझे लाकूड काळवंडले आहे, पण माझ्या जिवाला स्वस्थता आहे. ही स्वस्थता मला फार उशिरा मिळाली. कशी मिळाली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझे मालक चुडामण तिथल्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरीला होते. भट्टीतली ज्वाळा नीट जळते आहे की नाही, हे त्यांना एका लहानशा झरोक्यातून पाहावे लागे, तेही निळ्या काचेआडून. उघड्या डोळ्यांना ती आग सोसत नसे. त्या कामामुळे डोळ्यांची किंमत त्यांना तरुणपणीच कळली होती. त्यांचे वडील उखर्डूनाना फैजपूरजवळच्या खेड्यात केळी आणि कापूस पिकवत. वैशाखातल्या नांगरटीत उघड्या रानावर दिवस काढला की नानांचे डोळे लाल होत आणि त्यांना पाण्याची धार लागे. म्हणून पहिला पगार झाल्यावर चुडामणनी भुसावळच्या बाजारातून वडिलांसाठी एक काळा गॉगल घेतला.

नानांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मले काहाले?" एवढेच म्हणाले.

चुडामणना वाटले, काळा रंग त्यांना रुचला नसावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी तपकिरी नेला. दिवाळीला हिरवा नेला. मग सोनेरी काडीचा, मग रुंद काचेचा, मग वाऱ्यालाही अटकाव करील असा दोन्ही बाजूंनी बंद. प्रत्येक वेळी नाना तो उलटसुलट करून पाहत आणि परत देत. चांगली वस्तू टाकवत नाही. घरात गॉगल साचू लागले, लेकरांच्या हाती लागून एकाची काडी मोडली, आणि तेव्हा माझा जन्म झाला. माझ्यात कप्पे होते, कप्प्यांना तांबड्या मखमलीचे अस्तर होते. नवी होते तेव्हा वसाहतीतले लोक मला मुद्दाम बघायला येत. लग्नसराईत तर माझा मान विचारूच नका. कुणाच्याही घरी नवरदेव उभा राहिला की वरातीसाठी गॉगल माझ्यातूनच जाई आणि दुसऱ्या दिवशी अक्षता-हळदीसह परत येई.

पुढे एक गोष्ट इतकी हळूहळू घडली की ती कुणाच्या ध्यानात आली नाही. गॉगल नानांसाठी आणले जात होते, ते पेटीसाठी आणले जाऊ लागले. एक कप्पा रिकामा दिसला की चुडामणना चैन पडत नसे. धुळ्याच्या बाजारात पुना नावाचा एक गॉगलविक्रेता होता. तो मालकांना लांबूनच ओळखून हाक मारी, "भाऊ, हाऊ नवा माल शे. जळगावमा भेटाव नही." मालक तो माल घेऊन येत. सगळे रंग झाले की संग्रह पूर्ण, असे ते आधी म्हणत. रंग झाले, तेव्हा सगळे आकार राहिले. आकार होत आले, तेव्हा काचांचे प्रकार निघाले. मी भरले की अभिमन मिस्तरी माझ्यावर आणखी एक मजला चढवत. तिसऱ्या मजल्यानंतर मी कॉटखाली मावेना. मग कॉटच्या पायांखाली विटा आल्या.

मालकांच्या पत्नी सुनंदाबाई बोलायला मोकळ्या होत्या. झाडू मारताना त्या मला ढकलत आणि म्हणत, "ही पेटी आहे का दीपनगरची चिमणी? वाढतेच आहे."

"थोडेच राहिले आहेत," मालक म्हणत.

"किती थोडे?"

"ते बाजारात गेल्याशिवाय कसं कळणार?"

"सोळा सोमवारांनाही उद्यापन असतं. तुमचं हे कोणतं व्रत, ज्याला शेवटच नाही?"

मालक नुसते हसत. मित्रांनो, पेटीला दोनच अवस्था ठाऊक असतात, रिकामी आणि भरलेली. मी मात्र भरत होते आणि दर वेळी अपुरी ठरत होते. खालच्या मजल्याच्या फळ्या ओझ्याने वाकल्या. मिस्तरींनी चौथ्याला साफ नकार दिला. "मजले कितीही चढवाल भाऊ, पाया एकच हाये," ते म्हणाले. तेव्हा मालकांनी दुसऱ्या पेटीचे माप दिले. ते ऐकून माझ्या बिजागऱ्या थिजल्या.

त्याच हिवाळ्यात गावाकडून निरोप आला. नानांना मोतीबिंदू झाला होता. फैजपूरच्या शिबिरात शस्त्रक्रिया झाली, पट्टीही सुटली. डॉक्टरांनी बजावले होते की ऊन, धूर आणि धूळ डोळ्याला लागू द्यायची नाही, काळा चष्मा लावूनच बाहेर पडायचे, आणि शनिवारी तपासणीला यायचेच. नानांनी शिबिरातला चष्मा फाटकापाशीच काढून बंडीच्या खिशात घातला. बैलगाडीत बसताना तो दबून मोडला. आता ते दार लावून आतल्या खोलीत बसले होते आणि तपासणीला जायचे नाही म्हणत होते. डोळा मात्र लाल होऊ लागला होता.

मालकांनी शुक्रवारी मला उचलून एस.टी.त मांडीवर घेतले. वाटभर त्यांचे हात माझ्या झाकणावर घट्ट होते.

नानांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. उन्हापासून पळालेला डोळा तिथे चुलीच्या धुरात सापडला होता. मालकांनी माझे तिन्ही मजले नानांसमोर उघडून मांडले. नानांनी एक डोळा झाकून, दुसरा किलकिला करून ते सगळे पाहिले.

"इतके काहाले रे?"

"तुमच्यासाठी पाहत गेलो, नाना. एखादा तरी पसंत पडेल म्हणून. तुम्हाला रंग आवडत नव्हता का आकार?"

"रंग? रंग कोनी पाह्यला?" नाना चिडून म्हणाले. "आपल्या गावात गॉगल कोन घालतो? नवरदेव घालतो. घोड्यावर बसतो तवा घालतो अन् दुसऱ्या दिवशी काढून ठेवतो. मी हा लावून पारावरून गेलो तं लोक म्हनतीन, उखर्डू बोहल्यावर चढाले चालला."

चुलीपाशी बसलेल्या पार्वताबाई, म्हणजे मालकांच्या आई, भाकर थापता थापता म्हणाल्या, "चढा ना. मी करवली होऊन मांगं चालते."

"तुले हसू सुचतं."

"मले डोया दिसतो तुमचा. लालभडक झाला."

मालक खाली बसले. "नाना, हे तेव्हाच सांगायचं होतं."

"तू इचारलं कुठी? तू आनत गेला."

माझ्या तीन मजल्यांवरच्या सगळ्या काचांमध्ये चुलीचा जाळ हलत होता. मला त्या क्षणी फार संकोच वाटला. मी इतकी वर्षे ज्या प्रश्नाचे उत्तर साठवून ठेवले होते, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मालकांच्या चेहऱ्यावरही तेच होते. ते माझे झाकण लावू लागले.

तेवढ्यात झुलालआबा आत आले. ते नानांचे लहानपणापासूनचे सोबती. विचारपूस करायला आले होते. दारातूनच त्यांनी मला पाहिले.

"चुडामण, दुकान टाकलं का?"

मालकांनी त्यांना सगळे सांगितले. उद्याची तपासणी चुकली तर डोळा जाऊ शकतो, हेही सांगितले. आबांनी नानांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मधल्या मजल्यावरचा, दोन्ही टोकांना वर वळलेला पांढऱ्या काड्यांचा गॉगल त्यांनी उचलला आणि पागोट्याखाली चढवला.

"कसा दिसतो?"

"पोयाच्या दिवशी सजवेल बैल निघतो, तसा," नाना म्हणाले.

"दिसू दे. उखर्डू, एकानं घातला तं नवरदेव. साऱ्यांनी घातला तं नुसतं ऊन हाये, असं समजायचं." आणि मालकांकडे वळून म्हणाले, "ती पेटी घे अन् पारावर चाल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस कोणता, असे कुणी विचारले तर मी त्या दिवसाचेच नाव घेईन. नानांच्या दारासमोरच्या पारावर मला मधोमध ठेवले होते. म्हातारी माणसे आधी लाजली, मग एकमेकांना ढकलू लागली. कुणी तपकिरी घेतला, कुणी हिरवा. एकाने पिवळ्या काचेचा लावून आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "आभाय तं पिकेल केयावानी दिसतं." थट्टा सुरू झाली, हशा झाला, आणि तो हशा भिंतीपलीकडे खोलीत पोहोचला. थोड्या वेळाने पार्वताबाईंचा हात धरून नाना दारात आले. उन्हाने त्यांचा डोळा गच्च मिटला होता. समोर सगळा पार काळ्या-हिरव्या चष्म्यांनी भरलेला होता, आणि कुणीही त्यांच्याकडे वळून पाहत नव्हते. आबांची ती ताकीदच होती.

नानांनी पारापाशी येऊन माझ्या तळच्या मजल्यात हात घातला आणि पहिल्या पगाराचा काळा गॉगल काढला. तो पहिला आहे, हे त्यांना माहीत नव्हते. मालकांना माहीत होते. त्यांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी नाना आणि आबा, दोघेही गॉगल लावून फैजपूरला गेले. डॉक्टरांनी डोळा तपासला. लाली धुराची होती, आत काही बिघडले नव्हते. औषध घातले आणि म्हणाले, "आता नजर चांगली येईल. दुसरे आजोबा, तुमचं काय दुखतं?" आबा म्हणाले, "काही नाही. मी सोबत आलो."

हे ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा हलके वाटले. खरेच हलके, कारण माझ्यातले निम्मे गॉगल गावातच राहिले होते. कुणी परत मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. मालकांनी परतीच्या वाटेवर मला एका हाताने उचलले.

पुढच्या महिन्यात मालक कामासाठी धुळ्याला गेले. पुनाने नवा माल दाखवला. मालक घरी येऊन ते सुनंदाबाईंना सांगत होते, ते मी कॉटखालून ऐकले.

"मी म्हणालो, संग्रह पूर्ण झाला. पुना म्हणाला, कितला जमनात? मी म्हणालो, मोजले नाहीत, निम्मे कप्पे रिकामे आहेत. तो म्हणाला, मंग पूर्ण कसं व्हयनं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" सुनंदाबाईंनी विचारले.

"ज्याच्यासाठी जमवत होतो, तो लावून फिरतो आहे."

सुनंदाबाईंनी त्याच संध्याकाळी कॉटखालच्या विटा काढल्या, आणि अभिमन मिस्तरींकडून माझे वरचे दोन मजले उतरवून घेतले. दुसऱ्या पेटीचे माप मिस्तरींनी कुठेतरी हरवले म्हणे. पाठीवरून दोन मजले उतरले तेव्हा माझ्या वाकलेल्या फळ्यांनी करकर आवाज केला. लोकांना तो लाकडाचा वाटला. तो माझा सुटकेचा श्वास होता.

मित्रांनो, तुम्हीही काहीबाही जमवत असाल. जमवा. वस्तूंना सांभाळणारे हात मिळाले की त्या जगतात. पण माझ्यासारखी एखादी मुकी पेटी तुमच्या घरी असेल, तर तिच्यावरची धूळ पुसा, बिजागऱ्यांना तेलाचे बोट लावा, आणि तुम्ही हे ज्या माणसासाठी भरत आहात, त्याच्याजवळ एकदा जाऊन बसा. त्याला काय हवे ते विचारा. माझे कप्पे रिकामे दिसतात म्हणून हळहळू नका. त्यांतले गॉगल या क्षणी केळीच्या बांधावरून, वैशाखाच्या उन्हात, कुणाच्या तरी डोळ्यांवर बसून चालले आहेत.