चाहत्यांसाठी निरोप

राजाभाऊ आगाशे रत्नागिरीच्या बंदरावर बोट-कंपनीचे कारकून होते आणि गेली नऊ वर्षं बोटीच्या इंग्रज कप्तानाशी नुसत्या मान हलवण्यावर निभावत होते. लिहायचं इंग्रजी त्यांचं झकास. त्यांची पत्रं मुंबईचा साहेब दोनदा वाचत असे. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. ही गोष्ट त्यांना फार सलत होती.

उपाय सापडला तो धाकूमुळे. धाकू संगमेश्वरकडचा, बोटीवर वरच्या वर्गातल्या उतारूंची सरबराई करायचा. मुंबईची माणसं वाचून टाकून देत ती इंग्रजी सिनेमासिकं तो गोळा करून आणी आणि "वैनी, कागद जाड हाय, फळीवर घालायला बरा" असं सांगून राजाभाऊंच्या बायकोच्या, कुसुमच्या हाती ठेवी. राजाभाऊंनी एकदा त्यातला एक अंक उघडला आणि आतल्या नटनट्यांच्या मुलाखती पाहून ते हरखूनच गेले. क्रमिक पुस्तकातली माणसं मांजर कुठे बसलं आहे एवढंच एकमेकांना सांगतात. इथे माणसं चक्क गप्पा मारत होती.

झालं. दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की पडवीत शिकवणी सुरू. राजाभाऊ झोपाळ्यावर पायावर पाय टाकून बसत, म्हणजे ते नट. कुसुम खाली पाटावर कुळीथ निवडत बसे, म्हणजे ती वार्ताहर. हे कुणी ठरवलं असं विचारू नका. झोपाळा एकच होता आणि त्यावर कोण बसणार हा विषय त्या घरात कधी निघालाच नव्हता. कुसुम इंग्रजी तीन इयत्ता शिकलेली. ती मांडीवरच्या मासिकातून प्रश्न वाचायची, राजाभाऊ पाठ केलेली उत्तरं फेकायचे. स्वतःच्या दोन मोटारींबद्दल तर ते असे बोलत, की कुंपणाच्या गडग्यापलीकडच्या माणसाने मोटार कुठे उभी आहे ते बघायला यावं.

विद्या वाया गेली नाही. एकदा कप्तानाने सहज विचारलं, दमलात का. राजाभाऊंनी छाती पुढे काढून सांगितलं, की जोवर रसिकांना मी हवा आहे तोवर मी काम करीत राहीन. कप्तान हसून हसून बेजार झाला आणि त्याने त्यांना एक सिगारेट दिली. राजाभाऊ ओढत नव्हते. ती सिगारेट त्यांनी ट्रंकेत जरीच्या उपरण्याखाली जपून ठेवली.

कुसुमच्या मनात मात्र वेगळंच होतं. गावातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या पहिल्या वर्गाला बाई हव्या होत्या. मुलींची शाळा सुटायच्या वेळेला कुसुम वर्षानुवर्षं काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभी राहत असे; तिने धीर करून अर्ज केला. राजाभाऊ म्हणाले, बघ हो, जमलं तर जमलं. अट एकच होती. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनीस मिस लॉसन उमेदवाराशी स्वतः इंग्रजीत बोलून पाहणार. नाही जमलं तर पुण्याच्या एक बाई तयारच होत्या, आणि त्या एकदा आल्या की ती जागा कुसुमच्या जन्मात पुन्हा रिकामी होणार नव्हती.

माघातल्या एका शनिवारी कुसुम शाळेच्या कचेरीत जाऊन बसली. मिस लॉसन पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, हातखंब्याच्या रस्त्याची तांबडी धूळ अंगावर घेऊन आलेल्या. त्यांनी नाव विचारलं, कुसुमने सांगितलं. शिक्षण विचारलं, तेही निभावलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला शिकवावंसं का वाटतं?

तीन वर्षं ती दर रविवारी इंग्रजी बोलत होती खरी, पण बोलत होती ते नुसते प्रश्न. उत्तरं देणं हे झोपाळ्यावरचं काम. ऐकून ऐकून तिला उत्तरंही पाठ होती, पण ती मोटारींची आणि रसिकांची. ती इथे काय चुलीत घालायची? बाई टाक हातात धरून वाट बघत होत्या. आता तोंडातून काहीतरी निघायलाच हवं होतं, म्हणून जे तयार होतं तेच निघालं.

"तुम्ही या क्षेत्रात कशा आलात?" तिने अगदी सफाईदार इंग्रजीत विचारलं.

बाईंचा टाक थांबला. तेवीस वर्षं त्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांना प्रश्न विचारत हिंडत होत्या. त्यांना मात्र चहा घेणार का, यापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. त्या जरा रागानेच म्हणाल्या, वडील शिक्षक होते. कुसुमने सवयीने पुढचा प्रश्न घातला, घरून विरोध झाला का? झाला होता, आणि चांगलाच झाला होता. कामाच्या धबडग्यात एकटं वाटतं का? बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विलायतेतल्या बहिणीबद्दल सांगायला लागल्या, जिचं पत्र यायला तीन तीन आठवडे लागत. कुसुमला शब्द सगळे कळले नाहीत, पण बाईंचं दुःख कळलं, आणि तिला वाईट वाटलं. बहीण तुमच्यासारखी दिसते का, असं तिने विचारलं. हा प्रश्न कुठल्याच मासिकात नव्हता. बाईंनी उलट विचारलं, तुम्हाला आहे का बहीण? कुसुम म्हणाली, आहे, आरे-वारेला दिली आहे, भेटायला जाते तेव्हा निम्मा वेळ आम्ही रडतो आणि निम्मा वेळ भांडतो. आपण उत्तर दिलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

अर्धा तास असा गेला. शेवटी बाई गप्प झाल्या, आणि मुलाखत संपली की विचारायचा प्रश्न कुसुमच्या तोंडून आपसूक बाहेर पडला.

"तुमच्या चाहत्यांसाठी काही निरोप?"

मिस लॉसन इतक्या हसल्या की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला. "मला चाहती एकच दिसते आहे," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "तिला सांगा, सोमवारी अकराला वर्गावर हजर राहायचं."

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर राजाभाऊ पडवीत आले तर झोपाळ्यावर कुसुम बसलेली. कुसुमने मासिक त्यांच्यापुढे धरलं. गडग्यापलीकडे कुणी नाही असं बघून राजाभाऊ पाटावर टेकले आणि अडखळत प्रश्न वाचायला लागले. प्रश्न त्यांनी कधी वाचलेच नव्हते.

लहानपणी तुम्हाला काय व्हावंसं वाटत होतं, असा पहिलाच प्रश्न निघाला.

कुसुमने पायाने झोपाळा थांबवला. "मास्तरीणबाई," ती मराठीतच म्हणाली.

"मला कधी बोलली नाहीस गो."

"इकडून कधी विचारणंच झालं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच राजाभाऊंना ते फार लागलं. मग त्यांनी मासिक मिटून बाजूला ठेवलं, कुळीथ भरलेलं सूप पुढे ओढलं आणि खडे वेचता वेचता विचारलं, "आणखी काय काय व्हायचं होतं?"